बाकावर जागा आहे, पण… सातारा, सांगली आणि चर्चमधला लग्नाचा जुना वाद

नमस्कार मंडळी! आज याच शब्दापासून सुरुवात करतो. 'मंडळी' म्हटलं की तुमच्या डोळ्यासमोर मित्र, श्रोते, घरचे लोक येतात. आमच्या घरी मंडळी म्हणजे चर्च. आजी शनिवारी फोन करून विचारायची, "उद्या मंडळीत जाणार ना?" मी साताऱ्याचा, मराठी ख्रिस्ती घरातला. बीटेक केलंय, पुण्यात कोड लिहून पोट भरतो. इतिहासाची डिग्री नाही, हे आपलं नेहमीचं डिस्क्लेमर.

या भागाचं निमित्त माझा एक मित्र आहे. सांगली जिल्ह्यातला. त्याचं नाव, गाव, मंडळी काहीच सांगणार नाही, आणि अंदाजही लावू नका प्लीज. दहावीपासून तो उपासनेत कीबोर्ड वाजवतो. दोन वर्षांपूर्वी त्यानं घरी सांगितलं, "मी गे आहे, माझ्यासाठी मुली बघू नका." घरातली गोष्ट घरात राहिली नाही. वडीलजनांची बैठक झाली. (वडीलजन म्हणजे चर्चचा कारभार बघणारे निवडून आलेले लोक.) बैठकीला त्याला बोलावलं नव्हतं. नंतर एक काका घरी निरोप घेऊन आले: उपासनेला ये, कीबोर्डही वाजव, पण संडेस्कूलची मुलं शिकवू नकोस आणि कमिटीसाठी नाव देऊ नकोस. काका मनानं चांगले. त्यांना खरंच वाटत होतं की त्यांनी मधला मार्ग काढून पोराला वाचवलं. जाताना म्हणाले, "तुला काढलं तर नाही ना बाळा?"

मित्रानं मला हे सांगितलं तेव्हा राग यायच्या आधी एक वेगळीच गोष्ट झाली. मला तो नियम ओळखीचा वाटला. असाच नियम मी एका जुन्या पुस्तकात वाचला होता, फक्त तो दोन बायका असलेल्या माणसाबद्दल होता.

पुस्तक 1856 साली बॉस्टनमध्ये छापलेलं. लेखक डेव्हिड अ‍ॅलन, अमेरिकन मिशनरी, पंचवीसेक वर्षं मुंबईत राहिलेले. पुस्तकाचं नाव 'इंडिया, एन्शंट अँड मॉडर्न'. त्याच्या शेवटच्या पानांत एका प्रश्नावर लांबलचक चर्चा आहे: एखाद्या माणसाला बाप्तिस्मा घ्यायचाय आणि त्याच्या घरात आधीच दोन बायका आहेत, तर करायचं काय?

आज हा प्रश्न विचित्र वाटतो, पण तेव्हा तो रोजच्या व्यवहारातला होता. हिंदू पुरुषाला दुसरं लग्न करायला आपल्याकडे कायद्यानं बंदी आली ती थेट 1946 साली, मुंबई प्रांताच्या कायद्यानं. त्याआधी मूल होत नाही, मुलगाच हवा, शेतात हात कमी पडतात, अशा कुठल्याही कारणानं घरात सवत यायची. म्हणजे ही लग्नं चोरीछुपे केलेली नव्हती. गावानं अक्षता टाकलेली, कायद्यानं मान्य असलेली लग्नं होती.

आता मिशनरी काय करणार? दोन्ही बायका ठेव म्हणावं, तर एक नवरा-एक बायको ही ख्रिस्ती शिकवण मोडते. एकीला सोड म्हणावं, तर कुणाला? पहिलीला की पोरं जिच्या पदरात आहेत तिला? आणि सोडलेली बाई जाणार कुठं? माहेरी? नवऱ्यानं धर्म बदलला म्हणून टाकलेल्या बाईला 1850 च्या माहेरात कशी वागणूक मिळाली असती, तुम्हीच बघा.

अ‍ॅलन सांगतात की 1830 च्या दशकात कलकत्त्यात वेगवेगळ्या मिशनांचे लोक एकत्र बसले, या विषयावर पुन्हा पुन्हा बोलले आणि एकमतानं ठरवलं. ख्रिस्ती व्हायच्या आधी कुणी एकापेक्षा जास्त लग्नं केली असतील, तर यहुद्यांच्या आणि सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या चालीला धरून त्यानं सगळ्या बायका ठेवाव्यात. पण अशा माणसाला चर्चमध्ये कुठलंही पद मिळणार नाही. आधार तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायाचा, जिथं अध्यक्ष एकाच स्त्रीचा पती असावा असं म्हटलंय.

बाकावर जागा आहे, पुढं उभं राहायला नाही. काकांचा निरोप आणि हा ठराव यांच्यात दोनशे वर्षांच्या आसपासचं अंतर आहे, पण साचा तोच.

हे पुस्तक माझ्या साताऱ्याशी कुठं जोडलं जातं ते सांगतो, कारण आपल्या भागातले बरेच श्रोते 'मिशन' शब्द फक्त मिरजेच्या हॉस्पिटलमुळं ओळखतात. अ‍ॅलन ज्या संस्थेचे होते तिचं नाव अमेरिकन बोर्ड, बॉस्टनची, काँग्रिगेशनल पंथाच्या लोकांनी चालवलेली. तिच्या इथल्या शाखेला अमेरिकन मराठी मिशन म्हणत. 1848 मध्ये डलहौसीनं सातारचं राज्य खालसा केलं आणि पुढच्याच वर्षी, 1849 मध्ये, या मिशनचं ठाणं साताऱ्यात आलं. पुढं वाईलाही आलं.

सांगलीची गोष्ट थोडी वेगळी, आणि ती भांडणातून सुरू होते. रॉयल वाइल्डर नावाचे मिशनरी याच अमेरिकन बोर्डातर्फे आधी नगरला आले आणि 1852 मध्ये कोल्हापूरला गेले. शाळा काढण्यावर त्यांचा जोर होता. बॉस्टनचे सचिव रूफस अँडरसन यांना शाळांपेक्षा प्रचारावर भर हवा होता. वाद इतका वाढला की बोर्डानं कोल्हापूर सोडलं, पण वाइल्डर स्वतःच्या हिमतीवर परत आले. शेवटी 1870 मध्ये ते काम अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन चर्चनं घेतलं. त्याच मिशनतर्फे 1889 मध्ये डॉक्टर विल्यम वानलेस सांगलीत आले, दवाखाना सुरू केला आणि 1894 मध्ये मिरजेचं हॉस्पिटल उभं राहिलं. म्हणजे साताऱ्याची आई काँग्रिगेशनल आणि सांगली-मिरजेची आई प्रेस्बिटेरियन. 1924 मध्ये दोन्ही घराणी एका चर्चमध्ये आली आणि 1970 मध्ये त्या चर्चसकट चर्च ऑफ नॉर्थ इंडियात, म्हणजे सीएनआयमध्ये. हे 'आई' लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

बरं, मधला मार्ग म्हणजे चांगलाच, असं वाटत असेल तर 1845 चं उदाहरण ऐका. हाच अमेरिकन बोर्ड. साताऱ्याला माणसं पाठवायच्या चार वर्षं आधी ब्रुकलीनमध्ये त्यांची वार्षिक सभा झाली. विषय होता चेरोकी आणि चोक्टॉ या मूळ अमेरिकन जमातींमधली मिशनची चर्चेस. तिथल्या काही सभासदांकडे गुलाम होते. गुलाम ठेवणाऱ्याला चर्चमध्ये ठेवायचं की नाही? बोर्डानं काय उपमा द्यावी? बहुपत्नीत्व आणि भारतातली जात! म्हणणं असं की या समाजात मुरलेल्या गोष्टी आहेत, माणूस मनापासून बदललेला दिसत असेल तर फक्त याच कारणावरून त्याला बाहेर ठेवू नये, हळूहळू शिकवण रुजेल. गुलामगिरी वाईट आहे हेही त्यांनी म्हटलं. म्हणजे अगदी समतोल. गुलामगिरीविरोधी लोक चिडले आणि 1846 मध्ये त्यांनी वेगळी अमेरिकन मिशनरी असोसिएशन काढली.

इथं मला थांबावंसं वाटतं. दोन्ही तडजोडींचा तर्क एकच आहे. पण बायकांच्या बाबतीत 'आहे ते घर मोडू नका' म्हटल्यानं निदान एक बाई रस्त्यावर येणं टळलं. गुलामांच्या बाबतीत 'आहे ते चालू द्या' म्हटल्यावर किंमत मोजली ती गुलामांनी, आणि मालक निवांत बाकावर बसला. म्हणून तडजोड मवाळ आहे की कडक, यानं मला काही कळत नाही. बिल कुणाच्या नावावर फाटलं, ते बघितल्यावर कळतं. आणि दोन्ही वेळेला ज्यांच्या नावावर फाटलं त्यांतलं कुणी त्या सभेत बसलेलं नव्हतं.

बायकांचा प्रश्न पुढं जगभरच्या अँग्लिकन बिशपांकडे गेला. लँबेथ परिषद म्हणजे साधारण दर दहा वर्षांनी इंग्लंडात भरणारी त्यांची सभा. 1888 मध्ये त्यांनी कलकत्त्यापेक्षा कडक ठराव केला: अनेक बायका असलेल्या पुरुषाला बाप्तिस्माच नाही, त्यानं शिकाऊ म्हणून थांबावं. बायकांना मात्र काही बाबतींत घेता येईल. बरोबर शंभर वर्षांनी, 1988 मध्ये, हे बदललं, मुख्यतः आफ्रिकेतल्या बिशपांच्या आग्रहानं. आता असा माणूस बायकामुलांसकट चर्चमध्ये येऊ शकतो. अटी अशा की त्यानं पुढं आणखी लग्न करायचं नाही, स्थानिक मंडळीची संमती हवी, आणि कुठल्याही बायकोला सोडायला त्याला भाग पाडायचं नाही, कारण सोडल्यावर त्या बाईची समाजात जी फरपट होते ती. शंभर वर्षांनी का होईना, ठरावाच्या मजकुरात ती बाई आली.

लगेच पुढच्या परिषदेत, 1998 मध्ये, समलिंगी संबंधांचा ठराव आला. 526 विरुद्ध 70 मतांनी तो मंजूर झाला, 45 जण तटस्थ राहिले. समलिंगी आचरण पवित्र शास्त्राशी विसंगत आहे आणि अशा जोडप्यांना आशीर्वाद देण्याचा सल्ला देता येत नाही, हे त्याचं गाजलेलं वाक्य. याच ठरावात आणखी एक वाक्य आहे जे कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवत नाही: समलिंगी व्यक्तींचे अनुभव ऐकून घ्यायला आम्ही बांधील आहोत. सीएनआय अँग्लिकन कुटुंबाचीही सभासद आहे. म्हणजे पहिलं वाक्य दाखवायचं असेल तर दुसरंही दाखवायला हवं.

आता आयांकडे वळू. साताऱ्याची आई, म्हणजे ते काँग्रिगेशनल लोक, 1957 मध्ये युनायटेड चर्च ऑफ क्राइस्टमध्ये सामील झाले. या चर्चच्या सिनडनं 4 जुलै 2005 रोजी अटलांटामध्ये समलिंगी लग्नाला पाठिंबा दिला. पण त्यांच्याकडे सिनडचा ठराव स्थानिक मंडळीवर बंधनकारक नसतो, त्यामुळं ज्यांना पटलं त्यांनी केलं, ज्यांना नाही त्यांनी नाही. सांगली-मिरजेची आई, अमेरिकेतलं प्रेस्बिटेरियन चर्च, जास्त भांडलं. 2014 मध्ये पाळकांना अशी लग्नं लावायची मुभा दिली आणि 2015 मध्ये नियमावलीतली लग्नाची व्याख्याच बदलली. नवी व्याख्या वाचली की तडजोडीचं शिवणकाम उघड दिसतं: लग्न म्हणजे दोन व्यक्तींची बांधिलकी, 'परंपरेनं एक पुरुष आणि एक स्त्री'. 'दोन व्यक्ती' एका बाजूसाठी, 'परंपरेनं' दुसऱ्या बाजूसाठी. शिवाय कुठल्याही पाळकावर किंवा मंडळीवर सक्ती नाही, हेही लिहून ठेवलं. तरीही बरीच चर्चेस सोडून गेलीच.

म्हणजे दोन्ही आया बदलल्या आणि लेकी तिथंच आहेत. सातारा-सांगलीतल्या सीएनआय चर्चमध्ये असं लग्न लागत नाही, आणि कायद्यानं लागूही शकत नाही. 17 ऑक्टोबर 2023 रोजी सुप्रीम कोर्टानं सुप्रियो खटल्यात सांगितलं की लग्नाचा मूलभूत हक्क नाही, कायदा करायचा तर संसदेनं करावा. सहजीवनाला काही कायदेशीर मान्यता द्यावी का, यावर पाच न्यायमूर्तींत 3-2 अशी फूट पडली. 377 मात्र 2018 मध्येच समलिंगी प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं गेलं होतं. त्यामुळं माझ्या मित्राचा प्रश्न आज 'चर्चमध्ये माझं लग्न लावा' असा नाहीच. तो म्हणतो, "मला मुलांना गाणी शिकवू द्या."

विरोधी बाजू मी टाळणार नाही, कारण ती माझ्या घरातच जेवायला असते. माझे मामा म्हणतात, दोन बायकांचं उदाहरण इथं लागू होत नाही. चर्चनं आधी झालेलं लग्न सहन केलं, पण वेदीपुढं दुसरं लग्न कधी लावलं नाही. सहन करणं वेगळं आणि आशीर्वाद देणं वेगळं. खरं सांगतो, हा मुद्दा भक्कम आहे. कलकत्त्याचा ठराव बदलाचा दरवाजा उघडत नव्हता, जुन्या घरांसाठी फक्त एक खिडकी ठेवत होता. मामांचा दुसरा मुद्दा जास्त बोचतो: "गोऱ्यांनी येऊन आम्हाला शास्त्र वाचायला शिकवलं. आमच्या आज्या-पणज्यांना सांगितलं हेच सत्य. आता तेच सांगतात की आम्ही चुकीचं वाचलं होतं. दर वेळी आम्हीच शिकायचं का?" यावर 'मामा, जमाना बदलला' हे उत्तर नाही. आईनं केलं म्हणून लेकीनं करावं, असा माझा आग्रह नाही.

पण मग लेकीचं स्वतःचं काय आहे ते तरी बघू. 1970 च्या नोव्हेंबरात नागपूरला सहा चर्चेस एकत्र येऊन सीएनआय झालं. त्यात अँग्लिकन आणि आपले प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल होते, जे तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देतात. बाप्टिस्टही होते, ज्यांच्या मते बाळाचा बाप्तिस्मा हा बाप्तिस्माच नव्हे. हा काही पडद्याच्या रंगाचा वाद नाही. सोळाव्या शतकात युरोपात यावरून माणसं बुडवून मारली होती. तरी सीएनआयनं दोन्ही पद्धती एकाच चर्चमध्ये ठेवल्या. आणि एखाद्या पाळकाचं मन बाळाला बाप्तिस्मा द्यायला तयार नसेल, तर त्याच्यावर सक्ती नाही, दुसऱ्या पाळकाला बोलवायचं. ब्रिटनच्या मेथडिस्ट चर्चनं 2021 मध्ये समलिंगी लग्नाबद्दल जवळपास असंच केलं: लग्नाच्या दोन समजुती शेजारी-शेजारी, सक्ती कुणावर नाही. ब्रिटिश मेथडिस्ट हेही 1970 च्या त्या सहांपैकीच एक. आमच्या भाषेत सांगायचं तर हे कोड आपल्या रिपॉझिटरीत आधीपासून पडून आहे, बाहेरून आणायची गरज नाही.

सगळ्यात महत्त्वाचं, त्या तडजोडीला किती वेळ लागला? बोलणी 1929 मध्ये लखनौला सुरू झाली. एक्केचाळीस वर्षं! चहाचे किती कप झाले असतील. पण त्या एक्केचाळीस वर्षांत बाप्टिस्ट टेबलावर बसलेले होते. बाळाचा बाप्तिस्मा न मानणाऱ्यांबद्दल त्यांच्या पाठीमागं ठरवून, काकांच्या हातून निरोप पाठवला नव्हता. म्हणून मला ती तडजोड 1845 च्या तडजोडीपेक्षा वेगळ्या जातीची वाटते.

आपल्याकडे बोलणं अगदीच नाही असंही नाही. नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेसचं मुख्यालय नागपूरलाच आहे आणि तिथं लैंगिक विविधतेवर चर्चासत्रं झाली आहेत. सांगलीत तर संग्राम ही संस्था नव्वदच्या दशकापासून शरीरविक्रय करणाऱ्या स्त्रियांसोबत आणि पुढं तृतीयपंथीयांसोबत काम करतेय. शहराला हा विषय नवा नाही. फक्त तो मंडळीच्या आवाराच्या भिंतीशी येऊन थांबतो.

मित्राला मी एकदा म्हटलं, "सोड ना, वेगळं काहीतरी काढा." त्यानं मला माझ्याच साताऱ्याचा इतिहास ऐकवला. रेव्हरंड टिळकांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना एकत्र बसवणारा. 1919 मध्ये टिळक गेले आणि दरबार त्यांच्यामागं टिकला नाही. मित्र म्हणाला, "टिळकांना जमलं नाही, मला कीबोर्डवर जमणार आहे होय? आणि माझी आजी त्याच आवारात पुरलीय. मी कुठं जाऊ?"

हा भाग रेकॉर्ड करायच्या आधी पूर्ण स्क्रिप्ट त्याला वाचून दाखवली, त्याची परवानगी हवी होती म्हणून. तो स्वारगेटला सांगलीच्या गाडीची वाट बघत होता, मागं कंडक्टरचा 'कराड, कराड' आवाज येत होता. सगळं ऐकून त्यानं एवढंच विचारलं, "त्या दुसऱ्या बायकांची नावं काय होती रे?"

मी म्हटलं, ठरावात नावं नसतात.

"मग माझंही सांगू नकोस," म्हणाला, आणि गाडीत चढला. शनिवार होता, सकाळी त्याला उपासनेला वाजवायचं होतं.